धागा: हात भाच्याचा, डोकं मामाचं. माझ्या नाटकातला कोर्टाचा सीन चालेल का?

दांडियाबाजारचा_पडदा
मंडळी, गणपतीत बडोद्यातल्या आमच्या दांडियाबाजारच्या वाड्याचं दरवर्षी एक नाटक असतं, आत्तापर्यंत फार्सच केले, नवरा कपाटात लपतो, सासरा येतो, पब्लिक हसतं आणि शेव उसळ खाऊन घरी जातं. यंदा म्हटलं जरा सिरीयस करू, कोर्टाचं करू. दोन अंक लिहून झाले आणि आता बायको म्हणते शेवट साफ खोटा आहे, म्हणून इथे आलो.

गोष्ट अशी. भाचा, वय २६, मकरपुऱ्याची नोकरी गेलेली, घरी बसून आहे. मोठा भाऊ कमावता, तोंडाचा फटकळ. मामा रिटायर्ड, रोज संध्याकाळी येतो, भाच्याला कमाटीबागेत फिरायला नेतो, गल्लीतले म्हणतात बघा किती जीव आहे भाच्यावर. आणि फिरता फिरता रोज थोडं थोडं सांगतो, की तुझे बाबा हार्ट अटॅकने गेले असं वाटतं का तुला, दादाने गोळ्या बदललेल्या, आता तुझी पाळी. दोन वर्षं हे चालतं. पोरगा घरचं जेवण सोडतो, पाणी पण मामाने आणलेलं पितो. एका रात्री दादा झोपलेला असताना त्याच्या डोक्यात वरवंटा घालतो. मामाकडे बहिणीची पॉवर ऑफ अटर्नी म्हणजे मुखत्यारपत्र आहे आणि त्याला वाडा बिल्डरला द्यायचाय, हे प्रेक्षकांना पहिल्या अंकात कळतं, कोर्टाला कळत नाही.

शेवट: बचावाची वकीलबाई ज्यूरीसमोर गरजते, हात याचा होता पण डोकं मामाचं! ज्यूरी भाच्याला सोडते, पोलीस प्रेक्षकांतून चालत येऊन मामाला बेड्या घालतात, पडदा. टाळ्या नक्की आहेत. कायद्याचं सांगा.

सूरसागर_पाळ
ज्यूरी??? वाडा नक्की दांडियाबाजारातच आहे ना तुमचा, की लंडनला हलवला :)

शेव_उसळ_तिखट
बायकोला +१

काळा_कोट_खुंटीवर
मी न्यायमंदिरात, म्हणजे आपल्या जुन्या कोर्टात, उभं आयुष्य काढलंय, ते आता बंद झालं, कोर्टं दिवाळीपुऱ्याला गेली, माझाही कोट खुंटीवर गेला. तरी विचारलंत म्हणून सांगतो, जरा लांबेल.

आधी ज्यूरी काढा. आपल्याकडे सगळे म्हणतात नौदलातल्या नानावटीच्या खून खटल्याने ज्यूरी बंद झाली, ते अर्धंच खरं. १९५९ साली मुंबईत ज्यूरीने ८ विरुद्ध १ असं निर्दोष म्हटलं, सेशन्स जजला ते पटलं नाही, त्याने प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं आणि १९६१ मध्ये सुप्रीम कोर्टाने जन्मठेप कायम केली, इथपर्यंत ठीक. पण ज्यूरी काही दुसऱ्या दिवशी बंद झाली नाही, तिचा शेवट १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने झाला. तुमच्या नाटकात एकच जज बसेल, आणि त्याच्यासमोर गरजून उपयोग नाही, तो मान खाली घालून लिहीत असतो.

दुसरं, खून कधीचा आहे तुमचा? १ जुलै २०२४ च्या आधीचा असेल तर जुनी आयपीसी, ३०२. नंतरचा असेल तर भारतीय न्याय संहिता, १०३. तीनशे दोन कानाला बरं वाटतं हे मान्य, मग सरळ खून जुना करा.

आता मुद्द्याचं. "डोकं मामाचं" असा बचाव आपल्या कायद्यात नाही. जो आहे तो मनोविकलतेचा, जुनं ८४, नवं २२. त्यात विचारतात एवढंच, की कृत्य करताना, त्याच क्षणी, आरोपीला आपण काय करतोय ते कळत होतं का, आणि ते चुकीचं किंवा बेकायदा आहे हे कळत होतं का. डॉक्टरने आजाराचं नाव दिलं म्हणून भागत नाही, मध्य प्रदेशातल्या हरीसिंग गोंड केसमध्ये २००८ साली सुप्रीम कोर्टाने हेच सांगितलंय की डॉक्टरी वेड वेगळं आणि कायद्यातलं वेड वेगळं. तुमचा भाचा दादा झोपेपर्यंत थांबला, स्वयंपाकघरात गेला, वरवंटा उचलून परत आला. सरकारी वकील फक्त हे पाच मिनिटं सावकाश वाचून दाखवेल.

धमकीचं पण कलम आहे, जुनं ९४, पण खुनाला ते चालत नाही, आणि मामाने धमकी दिलेलीच नाही, प्रेमाने सांगितलंय.

शेव_उसळ_तिखट
काका म्हणजे मामा सुटला??

काळा_कोट_खुंटीवर
तसं कुठे म्हटलं. मामाचा रस्ता वेगळा आहे. अपप्रेरणा, म्हणजे चिथावणी, जुनं १०७-१०८, नवं ४५-४६. आणि तिथे कायदा तुमच्यापेक्षा मोठा नाटककार आहे. त्यात उदाहरणंच दिलीत. एकाने दुसऱ्याला घराला आग लावायला चिथवलं, दुसरा मनोविकल, त्याला कळतच नाही आपण काय करतोय, आणि त्याने आग लावली. लावणारा सुटतो, चिथवणारा अडकतो. दुसरं उदाहरण सात वर्षांच्या आतल्या मुलाचं, त्याच्याकडून कोणी मृत्यू घडवून आणला तर जणू मुलाला खून करता आला असता असं धरून चिथवणाऱ्याला शिक्षा. हे १८६० पासून पुस्तकात आहे. म्हणजे हात एकाचा आणि डोकं दुसऱ्याचं हे त्या लोकांना दीडशे वर्षांपूर्वी कळलेलं होतं, फक्त पोरगा तेवढ्याने आपोआप सुटत नाही, त्याचं त्याला वेगळं सिद्ध करावं लागतं.

आणि मामा जर म्हणाला की मी कुठे "जा मार" म्हटलं, मी माझी शंका बोललो, तर त्यालाही उत्तर आहे. जाणूनबुजून खोटं सांगून कृत्य घडवून आणणं ही पण चिथावणीच, असं त्याच कलमाचं स्पष्टीकरण आहे. पण गोळ्यांचं मामाला खोटं माहीत होतं आणि पोराच्या हातून हेच व्हावं असं त्याला वाटत होतं, हे दोन्ही सिद्ध करायचं सरकारने. तिथे सगळं अडतं.

पोलो_ग्राउंड_२१
नार्को टेस्ट करा ना मामाची, औषध देऊन बोलतं करा!! सगळं बाहेर येईल

काळा_कोट_खुंटीवर
२०१० ची सेल्वी केस. सुप्रीम कोर्टाने सांगितलंय, संमती नसेल तर नार्को नाही, पॉलिग्राफ नाही, ब्रेन मॅपिंग पण नाही. मामा संमती देईल असं वाटतं?

पोलो_ग्राउंड_२१
ओके काका 🙏

मनाची_ओपीडी
मी काउन्सेलिंग करते, कोर्टात दोनतीनदाच गेलेय तेव्हा कायद्याचं काका बोलतील. पण लेखकांनी एक घोळ केलाय असं वाटतं. तुमच्या भाच्याला भ्रम झालाय की त्याची समजूत करून दिलीये? स्टेजवर दोन्ही सारखीच दिसतात पण एक नाहीत.

भ्रम म्हणजे डिल्यूजन, तो पुराव्याने हलत नाही. बापाचे रिपोर्ट दाखवा, गोळ्यांची पाकिटं दाखवा, तो म्हणेल पाकिटं पण दादानेच बदलली. समजूत हलते, फक्त हलवणारं माणूस जवळ लागतं, आणि मामाने नेमकी तीच माणसं तोडलीत. दोस्त तोडले, आईशी बोलणं तोडलं, जेवण तोडलं. हे फार हळू होतं आणि सुरुवात नेहमी उपकाराने होते, तुझ्यासाठी कोण येतंय दुसरं, मीच ना. नाटकात हे जास्त दाखवा, गरजणारी वकीलबाई कमी. आणि "ब्रेनवॉश" हा शब्द कुठल्याही डॉक्टरच्या तोंडी घालू नका, ते काही निदान नाही.

एक तिसरी गोष्ट पण असते, एकाचा भ्रम दुसऱ्यात उतरतो, शेअर्ड सायकोसिस म्हणतात. पण त्यात पहिल्याचा स्वतःचा विश्वास असतो. तुमच्या मामाचा एका शब्दावर विश्वास नाही. म्हणून तो आजारी नाही, तो फक्त वाईट आहे.

जगात अशी एक केस झालीय, कोपनहेगनची. १९५१ च्या मार्चमध्ये हार्ड्रप नावाच्या माणसाने बँकेत दोघांना गोळ्या घातल्या. तो आणि नील्सन नावाचा दुसरा एकाच तुरुंगात एकत्र राहिलेले, आणि तिथे नील्सनने त्याच्यावर संमोहनाचे प्रयोग करून त्याला आपल्या मुठीत घेतलं असं पुढे आलं. १९५४ मध्ये नील्सनला जन्मठेप झाली, तो त्या दिवशी बँकेत नव्हता तरी. आणि हार्ड्रप घरी गेला का? नाही, त्याला मनोरुग्ण म्हणून बंदिस्त ठेवलं. संमोहनाने माणूस खरंच एवढा आंधळा होतो का यावर आमच्या लोकांत अजून भांडणं आहेत, मी स्वतः फार मानत नाही. पण रोज संध्याकाळी कमाटीबागेत एक तास, दोन वर्षं, हे मानते.

काळा_कोट_खुंटीवर
ताई बरोबर. आपल्याकडेही ८४ मध्ये सुटला तरी माणूस घरी जात नाही, कोर्ट त्याला सुरक्षित ताब्यात ठेवायचा हुकूम देऊ शकतं, म्हणजे बहुधा मनोरुग्णालय. म्हणजे भाचा सुटला तरी पडद्याच्या वेळी तो कारेलीबागेत जाईल, आईच्या कुशीत नाही.

लेस्टरचा_बडोदेकर
इकडे इंग्लंडमध्ये २०१५ च्या कायद्याने कोअर्सिव्ह कंट्रोल म्हणजे जवळच्या माणसावर सतत ताबा ठेवणं हाच वेगळा गुन्हा केलाय, मारहाण नसली तरी. सॅली चॅलन नावाच्या बाईने २०१० मध्ये नवऱ्याला हातोड्याने मारलं, खुनाची शिक्षा झाली, मग २०१९ मध्ये अपीलात ती रद्द झाली आणि सदोष मनुष्यवध मान्य झाला. पण तिथे पण लक्षात घ्या की ताब्यात ठेवणाराच मेला होता. इथे तिसराच मेलाय.

सूरसागर_पाळ
आणि अमेरिकेत पॅटी हर्स्ट, १९७४ ला अतिरेक्यांनी पळवली, दोन महिन्यांत त्यांच्याच बरोबर बंदूक घेऊन बँक लुटताना दिसली. वकिलाने ब्रेनवॉशिंगच सांगितलं, ज्यूरीने १९७६ ला दोषी धरली. तुमची लाडकी ज्यूरी हो पडदेवाले.

अलकापुरी_ताई
मला हे सगळं वाचून राग येतोय खरं तर. उद्या कोणीही उठेल आणि म्हणेल मला कोणीतरी फशी पाडलं. झोपलेल्या माणसाच्या डोक्यात दगड घालताना अक्कल कुठे गेलेली? दादाची बायको आहे का नाटकात? तिला एक वाक्य तरी आहे का?

दांडियाबाजारचा_पडदा
ताई नाहीये... दादाचं लग्न झालेलं नाही दाखवलं. बाई आर्टिस्ट मिळत नाहीत हो.

अलकापुरी_ताई
मग आई असेलच की. एक मुलगा मेला, एक पिंजऱ्यात, आणि सख्खा भाऊ चिथवणारा. तिच्या पॉवरवर सगळं चाललंय आणि तिला वाक्य नाही. शाब्बास.

राग येतोय याचं कारण पण सांगते, आता बसलेच आहे लिहायला. माझ्या धाकट्या भावाने काही वर्षांपूर्वी आमच्या वाट्याचं घर एका माणसाच्या नावावर करून दिलं. कोण ते लिहित नाही, घरी येणारा जाणारा होता, भाऊ आजारी असताना डबा आणायचा. आम्ही सगळे ओरडलो, त्या दिवशी सब-रजिस्ट्रारकडे मी स्वतः पोचले. तिथे भावाला विचारलं, तुमच्यावर कोणाचा दबाव आहे का. तो हसला. खरंच हसला, आणि म्हणाला नाही हो, माझ्या मर्जीने देतोय. माझ्याकडे बघून म्हणाला, ही माझी बहीण, हिलाच माझं चांगलं बघवत नाही. आता सांगा मी कोणाला काय सिद्ध करणार होते. दबाव असणारा माणूस कधी म्हणतो का दबाव आहे म्हणून?

म्हणजे मी भाच्याच्या बाजूची का दादाच्या, मलाच कळत नाहीये.

मनाची_ओपीडी
ताई, तुमचं हे हसणं नाटकात जायला हवं. तुमची परवानगी असेल तर.

अलकापुरी_ताई
घ्या. फक्त आईला वाक्य द्या.

जुनी_हवेली
धागा आता पाहिला. अहो परदेशात कशाला जाताय, हा खटला आपल्याच गावात झालाय की, १८७५ साली. आपले तेव्हाचे महाराज, मल्हारराव गायकवाड.

९ नोव्हेंबर १८७४ ला रेसिडेंट, म्हणजे इंग्रज सरकारचे इथले प्रतिनिधी, कर्नल फेर सकाळी फिरून आले, नेहमीप्रमाणे पपनसाचं सरबत ठेवलेलं, दोन घोट घेतले, बरं वाटेना म्हणून उरलेलं फेकलं आणि ग्लासच्या तळाला काळसर गाळ दिसला. तपासात सोमल म्हणजे आर्सेनिक निघाला आणि हिऱ्याची पूड. आता सरबतात पूड टाकणारा हात रेसिडेन्सीतल्याच नोकराचा, रावजी हवालदार, आणि त्याच्या जोडीला नरसू जमादार. पण आरोप कोणावर? थेट महाराजांवर, की नोकरांना पैसे चारून हे तुम्ही करवलंत. महाराजांच्या खासगीतले दामोदरपंत पण कबुलीला आले.

सहा जणांचं कमिशन बसलं, तीन इंग्रज आणि तीन आपले, ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव. महाराजांनी लंडनहून बॅलंटाईन नावाचा मोठा बॅरिस्टर आणला. आणि त्याने काय केलं असेल? महाराज कसे सज्जन आहेत यावर फार वेळ घालवलाच नाही. तो रावजीच्या मागे लागला. तू विष टाकलंस हे तूच सांगतोस, तुला माफी मिळालीय हे पण तूच सांगतोस, मग महाराजांनी सांगितलं हे तुझ्याशिवाय कोण सांगतंय? जो हात पकडला गेला तोच साक्षीदार, आणि त्याला स्वतःची मान सोडवायची आहे, त्याच्यावर विश्वास कसा ठेवायचा.

निकाल तीन-तीन. तिन्ही इंग्रज म्हणाले दोषी, आपल्या तिघांना पुरावा पटला नाही. सरकारने मग विषाचं बाजूला ठेवलं आणि गैरकारभाराच्या नावाखाली महाराजांना गादीवरून काढलं. मल्हाररावांच्या वहिनी जमनाबाईंनी कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळराव दत्तक घेतला, ते आपले सयाजीराव. म्हणजे आपली लायब्ररी, कमाटीबाग, सगळं एका ग्लासच्या तळाशी सापडलं असं म्हणायला हरकत नाही (हे माझं, इतिहासकारांना विचारू नका).

सूरसागर_पाळ
कमाटीबागेतच मामा विष कालवतो राव. पडदेवाले तुम्हाला न कळत जमलंय.

काळा_कोट_खुंटीवर
हवेलीवाल्यांनी नेमकी गाठ दाखवली. पडदेवाले, आता नीट वाचा कारण तुमचं नाटक इथे आहे.

मामाने जे केलं त्याचा साक्षीदार कोण? कमाटीबागेत दोघेच होते. म्हणजे भाचाच. आता भाच्याच्या वकीलबाईने जर म्हटलं की याला त्या काळात काही कळतच नव्हतं, तर मामाचा वकील उठून एवढंच विचारणार, बाळ, तुला काही कळत नव्हतं ना, मग मामा काय काय बोलले ते तुला तारखेसकट कसं आठवतं? आणि भाचा जर म्हणाला की मला सगळं कळत होतं, मामा असं असं बोलले, तर मामा अडकतो पण त्याच वाक्याने भाचा स्वतःचं ८४ घालवून बसतो. पुस्तकात दोन्ही एकदम खरं असू शकतं, आग लावणारा वेडा आणि चिथवणारा शहाणा. साक्षीच्या पिंजऱ्यात ते एका तोंडातून बाहेर काढणं फार कठीण.

सिद्ध करण्याचं ओझं पण सारखं नाही. आपल्या गुजरातचीच केस आहे, दह्याभाई छगनभाई ठक्कर, १९६४. सुप्रीम कोर्टाने सांगितलं, आरोपी शहाणा होता असं धरून चालायचं, नव्हता हे त्याने दाखवायचं, पण दिवाणी दाव्यासारखं, बहुधा असंच असेल एवढं पटवलं तरी पुरे. आणि तेवढंही जमलं नाही तरी त्याच्या पुराव्याने जजच्या मनात हेतूबद्दलच शंका आली, तर फायदा आरोपीला. दह्याभाईचं अपील मात्र फेटाळलं, आधी नंतर तो कसा वागला ते बघून.

मामावर माफीच्या साक्षीदाराशिवाय काही हवं असेल तर कागद शोधा. बिल्डरशी केलेलं बानाखत, म्हणजे विक्रीचा करार. त्याची तारीख. आणि मोबाईलवर काही असेल तर त्याचं सर्टिफिकेट जोडा, नाहीतर मामाचा वकील पहिल्या दिवशी उडवेल.

अवांतर: खालच्या कोर्टाचं कामकाज आपल्याकडे गुजरातीत चालतं. तुमचा जज मराठी बोलतो ते सोडून देऊ, गणपती आहे.

पोलो_ग्राउंड_२१
काकांना दंडवत _/\_

दांडियाबाजारचा_पडदा
रात्रभर झोप नाही. वकीलबाईचं भाषण काढलं, दीड पान होतं, जीव गेला काढताना. नवा शेवट असा डोक्यात आहे: उलटतपासणीत भाच्याला विचारतात "त्या रात्री तुला कळत होतं का?" आणि तो उत्तर द्यायच्या आधीच पडदा.

अलकापुरी_ताई
पळवाट.

शेव_उसळ_तिखट
पळवाट +१, पब्लिक खुर्च्या फेकेल

मनाची_ओपीडी
उत्तर द्यायला लावा त्याला. पण मला एक विचारायचंय, काका, दोघे आरोपी एकाच पिंजऱ्यात उभे असतात ना?

काळा_कोट_खुंटीवर
खटला एकच असेल तर हो. शेजारी शेजारी. आणि त्याने स्वतःहून लेखी अर्ज केला तर आरोपीलाही साक्ष देता येते.

मनाची_ओपीडी
मग भाचा प्रत्येक प्रश्नाला आधी मामाकडे बघेल. मुद्दाम नाही, सवयीने. दोन वर्षांची सवय आहे, पाणी पिऊ का हे पण तो विचारून करायचा.

काळा_कोट_खुंटीवर
आणि जज लिहिता लिहिता मान वर करेल. मी असे दोनचार जज पाहिलेत जे मान वर करायचे.

दांडियाबाजारचा_पडदा
जमलं. सरकारी वकील विचारतो, त्या रात्री तुझ्यावर कोणी जबरदस्ती केली? भाचा पिंजऱ्याकडे, मामाकडे बघतो, आणि हसतो, ताईंच्या भावासारखा. म्हणतो, नाही हो, माझ्या मर्जीने केलं. मामा मान डोलावतो, अगदी थोडी, शाब्बास म्हटल्यासारखी. ते जज बघतो. आई पण बघते, आणि आई उठून कोर्टाला सांगते की बानाखतावरची तारीख वाचा, पॉवर मी दिलेली, सही माझ्या नावाने झालीय, खुनाच्या आधी सहा महिने. भाच्याला शिक्षा होते की नाही ते ठरवलेलं नाही अजून. बहुतेक होते. दोघांना.

अलकापुरी_ताई
आईचं काम मी करू का?

दांडियाबाजारचा_पडदा
ताई!!! रविवारी चार वाजता वाड्यात तालीम. येताना काही आणू नका, फक्त कोणाकडे जुना वरवंटा असेल तर सांगा.

शेव_उसळ_तिखट
आमच्याकडे आहे पण खरा देत नाय, थर्माकोलचा रंगवून देतो. गेल्या वर्षी फार्समध्ये खरं लाटणं दिलेलं, सासऱ्याला टाका पडला.